जाड तेल

११ ऑक्टोबर

आत्या,

पाया पडतो. सुखरूप पोचलो. म्हातारी वाटेत एकदाही कुरकुरली नाही. म्हातारी म्हणजे ट्रक, तू नव्हेस, उगाच डोळे वटारू नकोस.

इथे फोन लागत नाही, आणि लागला तरी तू ‘काय? कोण?’ करून ठेवून देतेस, म्हणून पत्र. बोगद्याच्या कामाचा तळ खिंडीच्या अलीकडे आहे. पत्र्याच्या खोल्या, एकेका खोलीत चार-चार ड्रायव्हर, मधे एक शेगडी आणि तिच्याभोवती सगळ्यांचे ओले मोजे. वास विचारू नकोस. सिमेंट इथे भरायचं, खिंड ओलांडून बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी उतरवायचं आणि रिकामं परत यायचं. थोड्याच दिवसांत बर्फ पडायला लागेल. हिवाळाभर ज्याची गाडी बंद पडणार नाही त्याला बोगदा होईपर्यंत काम, असं मुकादमानं सगळ्यांना सांगितलंय. आणि तू निघताना म्हणालीस की हिवाळा नीट काढलास तर गाडी तुझ्या नावावर करीन. म्हणजे माझं सगळं आता या एका हिवाळ्यावर अडकलंय.

तर मुद्द्याचं. इंजिनाचं तेल बदलायला झालंय. तू सोबत दिलेले चाळीस नंबरच्या जाड तेलाचे डबे तसेच आहेत. पण इथले झाडून सगळे ड्रायव्हर सिंथेटिक घालतात. ते थंडीतही पातळ राहतं, सेल्फ मारला की लगेच इंजिनभर पळतं. आपलं साधं तेल गारठलं की घट्ट होतं, मग सेल्फ नुसता कण्हतो. तू म्हणशील जुन्या इंजिनात सिंथेटिक घातलं की सगळी सीलं गळायला लागतात. पण इंजिन तू आत्ताच उतरवून बांधून घेतलंस ना? सीलं सगळी कोरी आहेत. सिंथेटिक महाग आहे, पण टिकतंही जास्त.

तू हो म्हणालीस तरच घालतो. तुझी अट मला पाठ आहे: तेल तू सांगशील ते, आणि बाबांच्या गॅरेजची पायरी चढायची नाही. आई गेल्यावर तू मला जवळ केलंस, गाडी हातात दिलीस. तुझा शब्द मोडणार नाही. पण हो म्हण ना.

तुझा,
भोपू


२४ ऑक्टोबर

भोपू,

आधी अक्षर सुधार. मुंग्या शाईत बुडवून सोडल्यासारखं लिहितोस. दोन पानं लाडीगोडी आणि पोटात सिंथेटिक. मला काय दूधखुळी समजलास?

मी गाडी चालवत नाही, पण चार ड्रायव्हर माझ्या अंगणात जेवून-झोपून धंदा शिकले. कुठली गाडी कशानं आजारी आहे हे मी ओसरीत बसून सांगते. आता कान गेले, तरी ओसरीच्या फरशीला पाय लावला की कळतं. जाड तेल म्हणजे इंजिनाच्या अंगावरचं मांस. तुझं ते सिंथेटिक म्हणजे नुसतं पाणी. चढावर भरली गाडी तापली की कुठे उडून जाईल पत्ता लागायचा नाही. आणि टिकतं म्हणतोस? डिझेलचं इंजिन आहे ते. कुठलंही तेल घाल, आठ दिवसांत काळंकुट्ट होतं. मग टिकून करणार काय, डोंबल?

हे सिंथेटिकचं खूळ या घरात पहिल्यांदा कुणी आणलं माहीत आहे? तुझ्या बापानं. तू तेव्हा शाळेत होतास, म्हणून आज सगळं सांगते, परत विचारू नकोस.

आतोबा त्याच खिंडीत निघाले होते. हिवाळ्याचं काम मीच धरलं होतं, ते कुरकुरत होते. निघायच्या आधी मिस्त्री, म्हणजे तुझा बाप, तेल बदलायला आला आणि मला म्हणतो, ‘ताई, या खेपेला पातळ सिंथेटिक घालू, वर फार थंडी असते.’ मी म्हटलं, तुझ्या गॅरेजात नवा माल येऊन पडला असेल तो माझ्या गळ्यात मारू नकोस, माझ्याकडे चाळीस नंबरचं पिंप भरलेलं आहे. तोंड पाडून कामाला लागला. जाड तेल घातलं, आणि इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा नट आवळायला विसरला. रागाच्या भरात विसरला की आणखी कसं, ते त्याचं त्याला ठाऊक.

ते खिंडीत वादळात अडकले. बर्फातून गाडी काढली तेव्हा इंजिनात तेलाचा टिपूस नव्हता. तेल मोजायची काडी कोरडी. चेंबरच्या भोकाला नट नाही. तेल गळून गेलं, इंजिन सुरू करता येईना, आणि इंजिन नाही म्हणजे हीटर नाही. माझा माणूस केबिनमध्ये बसल्या बसल्या गारठून गेला. मी तुझ्या बापाला दारात उभं करून विचारलं, नट आवळला होतास का? तो मान खाली घालून उभा राहिला. बोलणार काय, कपाळ?

तेव्हापासून त्या घरातून कसलाही निरोप आला की माझं उत्तर ठरलेलं आहे: ‘आधी नट आवळ म्हणावं.’

तेल चाळीस नंबरच घाल. थंडीत सुरू होत नाही म्हणे! आतोबांनी दहा वर्षं त्याच तेलावर गाडी हाकली. तुमची पिढीच नाजूक. सेल्फ कण्हला तर कण्हू दे, सकाळी लवकर ऊठ आणि इंजिनाला वेळ दे.

कानटोपी घालतोस का?

आत्या


२० नोव्हेंबर

आत्या,

घालतो कानटोपी. झोपेतही घालतो. आणि तेलही तुझंच घातलंय, चाळीस नंबर, अगदी काडीच्या वरच्या खुणेपर्यंत. झालं समाधान?

आता माझी फजिती ऐक. थंडी अशी पडलीय की दाढीचं पाणी दाढीवरच गोठतं. पहिल्या कडक थंडीच्या सकाळी सेल्फ मारला. म्हातारी एकदा ‘हं’ म्हणाली आणि गप्प. काडी ओढली तर तेल काडीबरोबर वर येईना, डिंकासारखं चिकटून बसलेलं. बॅटरी संपेपर्यंत झगडलो. बाकीचे सिंथेटिकवाले चहा पिऊन, मला टाटा करून निघूनही गेले. मुकादमानं माझ्या गाडीकडे असं बघितलं की मेल्याहून मेल्यासारखं झालं. असंच चार-पाच सकाळी झालं.

शेवटी वाटेवरच्या चहावाल्या मावशींना माझी कीव आली. खिंडीच्या अलीकडच्या वळणावर त्यांची टपरी आहे. त्या म्हणाल्या, ‘अरे वेड्या, जाड तेल घालतोस ना? मग रात्री तेल काढून घेत जा की.’ मला वाटलं थट्टा करतात. पण नाही. इथे जाडतेलवाले सगळे पूर्वीपासून असंच करतात म्हणे. रात्री गाडी उभी केली की तेल गरम आहे तोवर चेंबरचा नट काढायचा, सगळं तेल डब्यात घ्यायचं. नट खिशात ठेवायचा, कारण बर्फात पडला तर सापडत नाही, आणि भोक उघडंच सोडायचं, कारण नट लावला तर उरलंसुरलं तेल तळाशी साचून गोठतं. डबा केबिनमध्ये आपल्या शेजारी घ्यायचा, पांघरुणात गुंडाळायचा. सकाळी खाली शिरून नट लावायचा, शेगडीवर डबा शेकायचा आणि कोमट तेल वरून ओतायचं. की लगेच गाडी सुरू!

मी केलं तसं. पहिल्याच सेल्फला म्हातारी तरुणीसारखी उठली. हसू नकोस, पण खोलीत तेलाचा वास कुणाला नको, म्हणून मी आता रोज केबिनमध्येच तेलाच्या डब्याला कुशीत घेऊन झोपतो. पांघरूण एकच आहे, ते त्याला, मी कुडकुडतो. मावशी मला चिडवतात, ‘बायको आली की हिचं काय करणार?’ एकदा खिंडीतच मुक्काम पडला तेव्हा मात्र थोडी भीती वाटली. तेल काढून ठेवलेलं, बाहेर वादळ, आणि वाटलं, आत्ता गाडी सुरू करायची वेळ आली तर? बर्फ इतकं साचलं होतं की खाली शिरून नट लावणं शक्यच नव्हतं. इंजिन कोरडं, म्हणजे हीटरही नाही. नशीब, वादळ लवकर निवळलं.

तर बघ, तुझ्या जाड तेलापायी मी काय काय करतोय. सिंथेटिक असतं तर हे काहीच करावं लागलं नसतं. आता तरी हो म्हण.

तुझा,
कुडकुडणारा भोपू


२९ नोव्हेंबर

भोपू,

पत्र मिळालं.

त्या चहावाल्या बाईला विचार, ही तेल काढून ठेवायची पद्धत किती जुनी? नऊ वर्षांपूर्वीही लोक करायचे का? सगळे करायचे की एखादा? नट खिशातच ठेवायचे की आणखी कुठे?

तिला नक्की आठवत असेल तरच लिही. ऐकीव नको.

तुझ्या अंगावर घालायला मी दुसरं पांघरूण पाठवतेय. तोवर खिंडीत मुक्काम करू नकोस. काम गेलं तरी चालेल.

आत्या


९ डिसेंबर

आत्या,

पांघरूण पोचलं. उबदार आहे. ‘काम गेलं तरी चालेल’ असं तू लिहिलंस, ते मी दोनदा वाचलं. तुझी तब्येत बरी आहे ना?

तू विचारलंस ते मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, पद्धत त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासूनची. तेव्हा सिंथेटिक कुणाला माहीत होतं? नऊ वर्षांपूर्वी तर बरेच जण करायचे, कारण बरेच जण जाड तेलच घालायचे. नट खिशातच. कोटाच्या आतल्या खिशात, म्हणजे अंगाच्या उबेनं तोही कोरडा राहतो. मग त्या स्वतःहून म्हणाल्या, ‘एक हसरा माणूस होता, मिशीवाला, तो डब्याला त्याच्या बायकोच्या नावानं हाक मारायचा. म्हणायचा, घरीही हिच्याच धाकात असतो आणि इथेही. तो वरच राहिला बिचारा एका वादळात.’

आत्या, मी आता वर काय लिहिलंय ते वाचलं.

तळावरची टपालगाडी उभी आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. पत्र फाडून टाकावंसं वाटतंय, पण नक्की काय ते लिही, असं तूच म्हणाली होतीस. मी बाबांनाही लिहितोय. ते काय म्हणतात ते कळवतो. तू एकटी बसू नकोस. शेजारच्या काकूंना बोलाव.

भोपू


१८ डिसेंबर

भोपू,

तुझं पत्र मिळालं. हातातलं काम टाकून लिहितोय.

काय करून बसलास रे तू हे? तुला तेलाबद्दल विचारायचं होतं तर मला विचारायचं. गॅरेजात यायची बंदी होती, पत्राची नव्हती. आता विचारतोस, ‘बाबा, खरं काय?’ खरं तुला कळलेलंच आहे. तरी माझ्या तोंडून हवं असेल तर घे.

बर्फातून गाडी काढायला पोलिसांबरोबर मी गेलो होतो. तुझ्या आत्याला मी तिथे येऊ दिलं नाही. दार मी उघडलं. भाऊजी बसलेले होते, मांडीवर तेलाचा डबा, आणि स्वतःचं पांघरूण त्यांनी डब्याला गुंडाळलेलं. डब्याचं झाकण हललं होतं, थोडं तेल सांडलं होतं. कोटाच्या आतल्या खिशात चेंबरचा नट होता. मी तो काढून घेतला, डबाही हलवला, कुणी बघायच्या आत.

मी नट आवळला होता. हातानं आवळला, पान्यानं आवळला, परत एकदा हात लावून बघितला. सैल राहिला असता तर गाडी गावाबाहेरच्या चढावरच बसली असती, खिंडीपर्यंत पोचलीच नसती. एवढं तर ट्रकच्या धंद्यातल्या कुणालाही कळतं. मला वाटलं, ताईलाही कळेल. आज नाही तर उद्या कळेल. पण तिनं दारात मला विचारलं तेव्हा तिच्या डोळ्यांत बघितलं आणि मी मान खाली घातली. काय सांगणार होतो? की तू पिंपातलं जाड तेल घ्यायला लावलंस म्हणून त्यांना रात्री ते काढून ठेवावं लागलं? की काम तू धरलंस, ते नको म्हणत होते? तिचा नवरा गेला होता. तिला शिव्या द्यायला कुणीतरी हवं होतं, मी होतो. पाठचा भाऊ दुसरा कशाला असतो?

तुझ्या आईला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणायची, तुम्ही चुकताय, एक दिवस सांगून टाका. नाही सांगितलं. पहिल्या वर्षी जमलं नाही, मग उशीर झाला, मग सवय झाली.

आता नीट ऐक. ताईला लिही की मला विचारलंस आणि मी कबूल केलं. नट माझ्याकडूनच सैल राहिला. भाऊजींनी डबा काढून ठेवला असेल तो दुसऱ्या कुठल्या तेलाचा. काहीही लिही, पण तिला यातून बाहेर काढ. ती साठीला टेकलीय. या वयात हे तिच्या अंगावर पडलं तर ती उठायची नाही.

आणि खिंडीत मुक्काम करत जाऊ नकोस. तेलासाठी तिच्यापाशी अडून बसू नकोस, तिच्या नावावर गाडी आहे. पण जीव तुझ्या नावावर आहे.

बाबा


२७ डिसेंबर

प्रिय आत्या,

सादर प्रणाम. तुझी प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो.

मी बाबांना पत्र पाठवून विचारले. त्यांचे उत्तर आले आहे. चेंबरचा नट त्यांच्याच हातून सैल राहिला, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत कबूल केले आहे. चहावाल्या मावशींचे वय झाले असून त्यांच्या आठवणींवर विश्वास ठेवता येत नाही. तो हसरा माणूस दुसरा कोणीतरी असावा. मिश्या अनेकांना असतात.

त्यामुळे तू मनाला काहीही लावून घेऊ नकोस. तेल चाळीस नंबरचेच वापरत आहे व गाडी उत्तम चालत आहे.

तुझा आज्ञाधारक,
भोपू


८ जानेवारी

मिस्त्री,

नऊ वर्षांनी तुला पत्र लिहितेय म्हणून हुरळून जाऊ नकोस.

भोपूचं पत्र आलं. नट तुझ्याकडूनच सैल राहिला, तू कबूल केलंस, असं त्यानं लिहिलंय. ओळी सरळ, अक्षर मोत्यांसारखं. त्या पोरानं मला आजवर इतकं सुबक पत्र लिहिलं नव्हतं, त्यावरूनच कळलं की प्रत्येक शब्द खोटा आहे. स्वतः खोटं बोललास ते बोललास, आता पोरालाही शिकव.

सैल नट घेऊन गाडी खिंडीपर्यंत जात नाही. हे मला माहीत नव्हतं असं तुला वाटतं का? मला माहीत होतं रे. माझ्या अंगणात आयुष्यभर तेलं बदलली गेली. फक्त मी तो विचार पुढे जाऊ दिला नाही. पुढे गेला असता तर माझ्या दारात येऊन थांबला असता. त्यापेक्षा तू सोयीचा होतास. समोर उभा होतास आणि बोलत नव्हतास.

त्यांचं पांघरूण घरी आलं ना, ते काळ्या तेलानं माखलं होतं. मी ते दगडावर आपटून आपटून धुतलं आणि दर आपटीला तुला शिवी घातली. चेंबर गाडीच्या पोटाखाली आणि पांघरूण वर केबिनमध्ये. खाली गळून गेलेलं तेल वर पांघरुणाला कसं लागलं, हा प्रश्न शेंबड्या पोरालाही पडला असता. मला पडला नाही. डाग काही गेले नाहीत, म्हणून पांघरूण जाळून टाकलं.

हे झालं माझं. आता तुझं ऐक.

तू मनात म्हणत असशील, मी ताईसाठी केलं. तिला दुःख कमी व्हावं म्हणून केलं. सगळं आपल्या अंगावर घेतलं, केवढा मोठा माणूस मी! तुला कुणी सांगितलं होतं? मी तुझ्याकडे पदर पसरला होता का? तू एक वाक्य बोलला असतास तर मी त्या दिवशी फुटून गेले असते, छाती पिटून घेतली असती, तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून महिनाभर रडले असते. मग कधीतरी उठले असते. माणसं उठतात. पण तू मला राग दिलास. आयता, तयार, कधी न संपणारा. मी नवऱ्यासाठी धड रडलेसुद्धा नाही, मिस्त्री. मला वेळच झाला नाही. मी नऊ वर्षं तुझ्यावर चिडत बसले होते.

आणि तुझी बायको. आठवतं? तिनं अंथरुणावरून निरोप पाठवला, ‘ताईंना म्हणावं, एकदा येऊन जा.’ मी निरोप्याला दारातूनच परतवलं. माझं ठरलेलं उत्तर देऊन परतवलं, ते तुला माहीत आहे. तिनं परत माणूस पाठवला. मी तेच सांगितलं. शेवटी भोपू स्वतः आला, एवढासा चेहरा करून. त्या पोरालाही मी तेच सांगितलं. पोरगं गुमान वळलं आणि निघून गेलं. ते घरी जाऊन तिला काय म्हणालं असेल? माझे शब्द तिच्या कानावर पडले का? भोपूला विचारायची माझी छाती होत नाही. तुला विचारून उपयोग नाही, तू खरं सांगणार नाहीस. तू फार चांगला माणूस आहेस.

आणि मला खात्री आहे, तिला तू सगळं सांगितलं होतंस. तुझ्या पोटात बायकोपासून काही राहत नाही. म्हणजे दोष माझा आहे हे माहीत असून ती मला बोलावत होती. माझ्याशी काय बोलायचं होतं तिला? जाता जाता ती मला सोडवणार होती की काय? हे आता मला कोण सांगेल? तू तिचंही तोंड बंद केलंस आणि माझंही. त्याला तू भावाची माया म्हणतोस.

तिच्या मातीलाही मी आले नाही. नंतर तुझ्या पोराला गाडीवर घेतलं, ते काही प्रेमानं नाही. तुझं एकुलतं एक तुझ्यापासून तोडायचं होतं मला. अट घातली की तुझ्या गॅरेजची पायरी चढायची नाही, आणि तो नाही चढला. पुढे तो मला खरंच आवडायला लागला, ते माझं नशीब. आणि त्याच पोराला मी जाड तेल घेऊन त्याच खिंडीत पाठवलं. रात्री एकटं पोरगं केबिनमध्ये डब्याला आपलं पांघरूण घालून बसतं, हे वाचलं आणि मी पेटीतलं दुसरं पांघरूण काढलं. मी तुझ्याही घराचा दिवा विझवायला निघाले होते, आणि तू गॅरेजात बसून मला सांभाळून घेत होतास.

सिंथेटिकचे डबे परवाच वर जाणाऱ्या गाडीबरोबर पाठवलेत, सोबत फिल्टर. चाळीस नंबरचा एक थेंबही आत ठेवू नकोस, सगळं काढून टाक, असं त्याला बजावलंय. गाडीच्या कागदांवर सही केलीय. हिवाळा संपायची वाट बघत नाही. त्याला खाली यायचं असेल तर येऊ दे, वर राहायचं असेल तर राहू दे. तेल बदलायला तुझ्याकडे आला तर बदलून दे.

तू मात्र इकडे येऊ नकोस. मला माहीत आहे, हे पत्र वाचून तू गॅरेजचं शटर ओढशील आणि तसाच निघशील. निघू नकोस. तू दारात उभा राहिलास तर मला तुझे पाय धरावे लागतील. मी धरले की तू मला उठवशील, डोळे पुसशील आणि म्हणशील, ‘काही झालं नाही ताई.’ ते मला ऐकायचं नाही. मी दार उघडणार नाही.

तुझी,
ताई